भवानी पेठेतल्या कुलपती

मला शब्दांची खोड आहे. कोणी 'उज्ज्वल' एका 'ज'ने लिहिलं की माझा दिवस नासतो, आणि एखाद्या शब्दाचं मूळ सापडलं की मी रस्त्यात ओळखीच्या माणसाला थांबवून सांगतो. संस्कृत शिकवणाऱ्याला दुसरा उद्योग काय असणार, असं माझे सहकारी म्हणत आणि मी समोर दिसलो की गल्ली बदलत. या खोडीपायीच मी भवानी पेठेतल्या एका खाणावळवाल्या बाईला भर सभेत कुलपती करून टाकलं. त्याचं पुढे जे झालं ते का झालं, हे कळायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. एवढा वेळ मला पाणिनीनेही लावला नव्हता.

बाईंचं नाव नागव्वा. मूळची होटगीची. नवरा संगप्पा रेल्वेत सांधेवाला होता, गाड्यांचे रूळ बदलायचा. लग्नाला सहा वर्षं झाली आणि तो विषमज्वराने गेला. मूलबाळ नव्हतं. थोरले दीर गुरप्पा यांची सोलापुरात धान्याची अडत होती. त्यांनी तिला आणून आपल्या घरामागचं माजघर, चूल आणि अंगण दिलं. पहिल्यांदा नात्यातली दोन पोरं शिकायला आली, त्यांना ती जेवू घालू लागली. दोनाची चार झाली, चाराची दहा झाली. मी अडुसष्ट साली कॉलेजात नोकरीला लागलो आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिलो, तेव्हा तीस-बत्तीस जण जेवत होते. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, एक पातळ भाजी, ताक आणि सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. आमच्या साताऱ्याकडे असली भाकरी नाही, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

नागव्वा कोणाचं नाव लक्षात ठेवत नसे. पहिल्या दिवशी माणूस जेवढ्या भाकऱ्या खाई, तेवढं त्याचं नाव. पहिल्या दिवशी सगळेच लाजून कमी खातात. त्यामुळे पुढे तालमीत जाऊन सात भाकऱ्या उडवणारा सिद्धाराम शेवटपर्यंत 'दोन'च राहिला. मी दीड. पंगतीला मला उशीर झाला की ती आतून विचारी, "दीड मास्तर आले न्हाईत का?" बाहेरगावच्या पाहुण्यांना हा हिशेब समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट होई.

नवीन माणूस आला की ती आणखी एक गोष्ट विचारी. कुठल्या मंडळींतले? उत्तर ऐकलं की हाताने जागा दाखवी. आत माजघरात समोरासमोर दोन ओळी होत्या आणि बाहेर अंगणात एक दगडी कट्टा होता. माजघरात बहुतेक लिंगायत, काही मराठे. मी भिक्षुकाच्या घरातला, त्यातून मास्तर, म्हणून मला खिडकीजवळची जागा मिळाली. उन्हाळ्यात तिथे वारा येई. बाईंनी आपल्याला बरोबर ओळखलं, असं मला वाटलं होतं.

बाहेरच्या कट्ट्यावर जोतीराम जेवायचा. तो श्रीपूरकडचा. आई सारजाबाई कारखान्याच्या उसावर तोडीला जायची आणि त्यांची वस्ती गावकुसाबाहेरची. दोन वर्षं तो माझ्या वर्गात होता. संस्कृतसारखा विषय त्याने का घेतला, असं मी एकदा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, आमच्या वस्तीत कोणी घेतला नव्हता म्हणून. पहिल्याच दिवशी न लाजता पोटभर खाणारा मी पाहिलेला तो एकटाच, म्हणून त्याचं नाव 'चार'. त्याचं ॲल्युमिनियमचं ताट अंगणातल्या कोनाड्यात असे. तो ते स्वतः घासून ठेवी. नागव्वा त्याला तव्यावरची पहिली भाकरी देई, आमच्याही आधी, पण वीतभर वरून सोडून. भाकरी ताटात पडल्याचा आवाज आत माझ्या खिडकीपर्यंत यायचा.

त्र्याहत्तरच्या डिसेंबरात कोणीतरी त्या ताटात भिंतीला लावायचा चुना कालवला. मुद्दाम नव्हे. रिकामं भांडं दिसलं, कालवला. पण कोणाचं तरी जेवायचं ताट नुसतं रिकामं भांडं का दिसलं, हा प्रश्न होताच. नागव्वाने त्याला त्या दिवशी पत्रावळीवर वाढलं. तो दोन भाकऱ्या खाऊन उठला आणि संध्याकाळी माझ्याकडे आला. शेवटचं वर्ष, परीक्षेला चार महिने, आणि हा सांगतो की मी श्रीपूरला परत चाललो. हंगाम चालू होता, आईबरोबर तोडीला जाणार होता. मी पुष्कळ समजावलं. दुसरी खाणावळ बघू, म्हणालो.

"तितं बी कट्टा असंल की, सर," तो म्हणाला. "दोन वर्सं बसलो. भाकरी ग्वाड लागायची म्हनून बसलो. आता लागत न्हाय."

एकदा परीक्षा सोडून तोडीला गेलेला मुलगा पुन्हा कॉलेजात आलेला मी पाहिला नव्हता. जानेवारीत कॉलेजात मोठा समारंभ होता, त्यात खुर्च्या मांडायचं त्याने कबूल केलं होतं. तेवढं करून जाणार, हा त्याचा शब्द. मी नागव्वाशी बोलतो, असं मी त्याला सांगितलं. तीन दिवस ओळीने मी ठरवून गेलो, दीड भाकरी खाल्ली, ताक प्यालो आणि घरी आलो. विषय काढायला योग्य वेळच सापडेना.

आता समारंभ. आमचं विद्यापीठ तेव्हा कोल्हापूरचं. विद्यापीठाचे कुलपती म्हणजे राज्यपाल, ते ग्रंथालयाची कोनशिला बसवायला येणार होते. त्यांचा परिचय करून द्यायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर टाकलं. विषय होता 'कुलपतींचे जीवन व कार्य'. त्यासाठी एक टंकलेला कागद आला. जन्म, शिक्षण, वकिली, तुरुंगवास, मंत्रिपद, नाना समित्या. मी तो चारदा वाचला. या माणसाने आयुष्यात कोणाला एक धडा तरी शिकवलाय का, हे मला बघायचं होतं, कारण 'कुलपती' हा शब्द माझ्या डोक्यात घुसला होता. जुन्या ग्रंथांत त्याची व्याख्या आहे. जो दहा हजार विद्यार्थ्यांना अन्न देतो, सांभाळतो आणि शिकवतो, तो कुलपती. म्हणजे आधी जेवण, मग शिकवणं. मला हे फार आवडलं. दोन दिवस मी भेटेल त्याला ते ऐकवलं.

समारंभाच्या दिवशी अकरा वाजता तार आली की कुलपती येऊ शकत नाहीत. मांडवात चारशे माणसं बसली होती. मागे नागव्वा दोनशे पाहुण्यांच्या जेवणाला लागली होती, आणि भाकऱ्या अजून व्हायच्या होत्या. प्राचार्य माझ्या कानाशी येऊन म्हणाले, वीस मिनिटं काढा. आता न आलेल्या माणसाचं जीवन आणि कार्य किती सांगणार? मी कागद खिशात घातला आणि व्याख्येवर आलो. मग मला एकदम सुचलं. मी म्हणालो, कुलपती आले नाहीत असं कोण म्हणतं? ते मांडवाच्या मागे भाकऱ्या थापताहेत. वीस-बावीस वर्षं ही बाई पोरांना जेवू घालते आहे. रोजचे तीस, असे किती तीस येऊन गेले ते मोजा. या नागव्वा खऱ्या कुलपती.

टाळ्यांनी मांडव दणाणला. पोरांनी तिला मागून ओढत पुढे आणलं. हात पिठाने भरलेले, पदर खांद्यावर घसरलेला. मी माईकवरून पुन्हा म्हणालो, कुलपती नागव्वा. तिने माझ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, खुर्च्यांशेजारी उभ्या असलेल्या जोतीरामकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. पदर डोक्यावर ओढून ती मागे निघून गेली. बाई लाजल्या, असं प्राचार्य म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही माजघरात जेवत होतो. जोतीराम शेवटचं जेवायला आला. ट्रंक दाराशी ठेवून तो कट्ट्यावर बसला. नागव्वा उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चार, आत ये."

आमचे हात थांबले. जोतीराम उठला नाही. शांतपणे म्हणाला, "नगं अव्वा. आज शेवटचा दिस हाय. हितंच बरं हाय."

ती आत आली, भाकऱ्यांची दुरडी उचलली, कालवणाचं पातेलं उचललं, कोपऱ्यातलं आपलं पितळी ताट काखेत घेतलं आणि बाहेर गेली. कट्ट्यावर त्याच्याशेजारी बसली. त्याच्या ताटात भाकरी ठेवली, सोडली नाही, ठेवली, आणि आपल्या ताटात वाढून घेऊन जेवायला लागली. सहा वर्षांत मी तिला जेवताना पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं आटोपल्यावर, गळ्यातल्या लिंगाची पूजा करून, दार लोटून ती एकटी जेवायची. आता भर दुपारी, उघड्या अंगणात, बत्तीस माणसांच्या देखत ती भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावत होती. जोतीराम आधी नुसता बघत राहिला. मग जेवू लागला. तो किती जेवला ते मला माहीत नाही, मी मोजलं नाही.

तेवढ्यात पुढच्या दुकानातून गुरप्पा आले. पुढचा सगळा तंटा कानडीत झाला आणि मला तेव्हा कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. एवढंच दिसलं की ज्या दिरापुढे ती कधी मान वर करत नसे, त्याच्याशी ती बसल्या जागेवरून बोलत होती. गुरप्पांचा आवाज चढला, तिचा चढला नाही. तिच्या बोलण्यात एक शब्द मात्र सारखा येत होता, तो माझ्या कानाने बरोबर टिपला. कुल. चार-पाचदा तरी आला. मी मनात म्हणालो, घ्या, बाई दिराला ठणकावून सांगताहेत की मी आता कुलपती आहे. माझ्या भाषणाचा एवढा परिणाम मी आजवर पाहिला नव्हता. छाती फुगली माझी.

संध्याकाळपर्यंत गुरप्पांनी माजघराला कुलूप घातलं. नागव्वाने अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली आणि सांगून टाकलं की ज्याला जेवायचं त्याने इथे एका ओळीत बसावं. बत्तिसांतले एकोणीस गेले. तेरा राहिले. मी पोट बिघडल्याचं सांगून दोन दिवस केळी खाल्ली, तिसऱ्या दिवशी जाऊन बसलो. ऊन डोक्यावर यायचं, धूर डोळ्यांत जायचा. जोतीराम श्रीपूरला गेला नाही. ट्रंक त्याच्या खोलीवर परत गेली. एप्रिलमध्ये तो परीक्षेला बसला आणि जूनमध्ये दुसऱ्या वर्गात बी.ए. झाला. संस्कृतात त्याला माझ्या अपेक्षेपेक्षा अकरा गुण जास्त पडले, हे मी सगळ्यांना सांगितलं.

पण मे महिन्यातच गुरप्पांनी तिला अंगणही सोडायला लावलं होतं. वीस वर्षांचा आसरा सुटला. हातमागाच्या एका कारखान्यामागे शंकरप्पा नावाच्या गृहस्थांची पत्र्याची शेड होती, ती तिने भाड्याने घेतली. एकच खोली, त्यामुळे एकच ओळ. सोलापूरचा उन्हाळा आणि वर पत्रा, म्हणजे काय ते सांगायला नको. भाकरी थापताना तिच्या कपाळावरचं भस्म घामाने पुसून जाई. मठात पूर्वी पुढे बसायच्या त्या बायका आता तिला पाहून सरकून बसत, असं सिद्धारामकडून कळलं. तिने स्वतः कधी तक्रार केली नाही.

तिने हे का केलं, हा प्रश्न मला वर्षभर सुटेना. कोणी म्हणे, पोराची माया लागली. कोणी म्हणे, दिराशी जुनं काहीतरी होतं. मी स्टाफरूममध्ये माझा सिद्धांत मांडत असे की सन्मानाने माणूस मोठा होतो. मी तिला कुलपती म्हटलं आणि ती कुलपतीसारखी वागली. हे मी इतक्या वेळा सांगितलं की लोक पुन्हा गल्ली बदलू लागले. पण मनातून काहीतरी जुळत नव्हतं. त्या दिवशी मांडवात तिचा चेहरा उतरला होता, तो लाजल्याचा नव्हता, हे हळूहळू माझ्या ध्यानात येत होतं. डिसेंबरात एकदा दुपारी ती शेंगा फोडत बसली होती. दुसरं कोणी नव्हतं. मी सरळ विचारलं की अव्वा, त्या दिवशी तुमच्या मनात काय आलं?

तिला माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. "तुमीच तर भर सबंत सांगितलं की," ती म्हणाली. "सबंचा मालक त्यो सबापती. मग कुलाचा मालक त्यो कुलपती. व्हय न्हवं?"

मी म्हणालो, हो, तसं आहे, पण कुल म्हणजे...

"आमच्या कानडीत कुल म्हंजे जात," ती म्हणाली. "मठात स्वामी दर श्रावणात सांगत्यात, कुल बगू नका. मी ऐकायची, मान डोलवायची, आन् घरी यून त्या पोराला कट्ट्यावर बसवायची. तुमी शिकल्यालं मानूस, खिडकीतनं रोज बगत हुता. येवडी पोरं जेवू घालती आन् जातीची मालकीन हाय, असं तुमी चारशे लोकांत म्हनलात. लोकांनी टाळ्या वाजीवल्या. त्यो पोरगा तितंच हुबा. मला लई लाज वाटली, मास्तर. रातचं जेवले न्हाय."

गुरप्पांशी ती काय बोलत होती तेही मग तिने सांगितलं. ती म्हणत होती, तुमचं कुल तुमी सांबाळा, मला त्याची मालकी नगं. सगळ्या गावात आपलं नाव निघालं, तेवढं बास झालं.

माझ्या तोंडात व्याख्या तयार होती. कुल म्हणजे गुरुकुल, विद्यार्थ्यांचा समुदाय. त्याला पोसणारा तो कुलपती. बाई, मी तुमची स्तुती केली होती. एका वाक्याचं काम होतं. पण तिच्यामागे पत्र्याची भिंत होती आणि समोर शेंगांच्या टरफलांचा ढीग होता. तिचं घर गेलं होतं, ते माझ्या एका शब्दाच्या चुकीच्या अर्थाने गेलं, हे तिला आता सांगून काय होणार होतं? जन्मात पहिल्यांदा मी एक शब्द न सुधारता सोडून दिला. आणि खरं सांगायचं तर त्या गप्प बसण्याचाही मला मनातून अभिमान वाटला.

तिला मात्र माझ्याकडून एक काम हवं होतं. "आता तरी ते नाव काडा की," ती म्हणाली. "वरीस झालं. सबंत दिल्यालं हाय, सबंतच काडा."

पंचाहत्तरच्या जानेवारीत कॉलेजचं स्नेहसंमेलन झालं. मला फक्त आभार मानायचे होते. पुढच्या रांगेत बायकांच्या खुर्च्यांत नागव्वा बसली होती, धुतलेलं इरकल नेसून. जोतीराम तेव्हा बी.एड. करत होता, तोही आला होता. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो की गेल्या वर्षी याच जागेवरून मी नागव्वांना कुलपती म्हणालो होतो. तो शब्द मी आज परत घेतो. नागव्वा कुलपती नाहीत.

प्राचार्यांनी माझ्या कोटाचं टोक ओढलं. एवढ्या चांगल्या बाईचा सन्मान हा माणूस भर सभेत काढून का घेतो, हे कोणालाच कळेना. मागून कोणीतरी हुर्यो केली. नागव्वा मात्र उठून उभी राहिली, चारी बाजूंना वळून सगळ्यांना हात जोडले आणि डोळे पुसत खाली बसली. जोतीरामही उभा होता. त्याला काय कळलं होतं, काय नव्हतं, मी कधी विचारलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, झालं ना अव्वा मनासारखं? ती म्हणाली, व्हय, लई बरं झालं, आता मोकळं वाटतं. मी हसलो. कौतुक ऐकायला थोडा थांबलोही असेन. तिने चपला पायात सरकवल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि, भाजीत मीठ कमी पडलं हे सांगावं इतक्या साधेपणाने, म्हणाली,

"आन् तुमचं नाव कोन काडनार, मास्तर? तुमी बी आतच बसत हुता की."